कॅल्शियम तर जुनंच आहे, मग तुमचा शोध नेमका कोणता?

प्रश्न थोडक्यात असा. तळोजाच्या एका सरफॅक्टंट (साबण-डिटर्जंटमधलं मळ काढणारं द्रव्य) कारखान्यात सहा वर्षं आर अँड डीत असलेल्या केमिस्टने लॉरिल अल्कोहोलच्या इथॉक्सिलेशनला, म्हणजे त्याला इथिलीन ऑक्साइड जोडण्याला, कॉस्टिक पोटॅशच्या जागी कॅल्शियमचा एक कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) बसवला. २ मोलच्या, म्हणजे दर रेणूला सरासरी दोन इथिलीन ऑक्साइड लागलेल्या, मालातलं फ्री (तसंच उरलेलं) अल्कोहोल निम्म्यावर आलं. मॅनेजर म्हणतात, ‘पेटंट केलं की रेसिपी जगजाहीर होईल, गप्प बसू या.’ विचारणाऱ्याला वाटतं पेटंट घ्यावं आणि त्यावर आपलं नाव असावं. दोघांत बरोबर कोण?

माझी एकतीस वर्षं याच धंद्यात गेली, आधी हायड्रोजनेशन आणि मग इथॉक्सिलेशन. माझं नाव असलेली काही पेटंटं आहेत. त्यातली दोन कारखान्यात खरोखर चालली, बाकीची फायलीत पिवळी पडताहेत. मी वकील नाही. कलमांबद्दल लिहीन ते अर्ज भरताना आणि आक्षेपांना उत्तरं देताना जे शिकलो तेवढंच.

तुम्ही एका दमात विचारलंत, पण त्यात तीन प्रश्न गुंतले आहेत: यात नवं काय आहे, ते लपवावं की दाखवावं, आणि ते कुणाचं. मॅनेजर आणि तुम्ही दुसऱ्या प्रश्नावर भांडताय आणि पहिल्याचं उत्तर अजून दोघांकडेही नाही. म्हणून सुरुवात तिथून करतो.

‘कॅल्शियमने नॅरो रेंज मिळतं’, म्हणजे सगळ्या रेणूंना जवळपास सारखंच इथिलीन ऑक्साइड लागतं, हा शोध तुमचा नाही. माझाही नव्हता, आणि तुमच्या वयात मीही तो माझाच समजून बसलो होतो. साधं पोटॅश वापरलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, इतर वाचणाऱ्यांसाठी सांगतो. लॉरिल अल्कोहोलला इथिलीन ऑक्साइडचा, म्हणजे आपल्या भाषेत ईओचा, एक रेणू चिकटला की तयार होणारं इथॉक्सिलेट मूळ अल्कोहोलपेक्षा जरा जास्त आम्लधर्मी असतं. पोटॅश त्याच्याकडे ओढला जातो आणि पुढचा ईओही तिथेच बसतो. पंगतीत नवखा वाढपी ज्याच्या पानात जिलबी आहे त्यालाच पुन्हा आग्रह करतो आणि कोपऱ्यातले चौघे कोरड्या पानावर बसून राहतात, तसं. म्हणून सरासरी २ मोल म्हणून विकलेल्या मालात काही रेणूंना ५, काहींना ८ ईओ लागलेले असतात, आणि वजनाने पाचव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहून जास्त अल्कोहोल तसंच पडून असतं. कॅल्शियम, बेरियम, स्ट्रॉन्शियमची काही संयुगं किंवा भाजलेलं हायड्रोटॅल्साइट (मॅग्नेशियम-अॅल्युमिनियमचं एक खनिज) वापरलं की वाढप बरंच सारखं होतं.

अमेरिकेत युनियन कार्बाइड आणि व्हिस्टा, जर्मनीत हेंकेल यांनी १९८०च्या दशकात याच्यावर पेटंटं घेऊन ठेवली. ती केव्हाच संपली. म्हणजे त्यात जे आहे ते वापरायला तुम्ही मोकळे आहात, पण तेच पुन्हा स्वतःच्या नावावर करायला मोकळे नाही. मुदत संपलेलं पेटंटसुद्धा ‘आधीच माहीत असलेलं’ या खात्यात कायमचं जमा असतं. ‘एक्स्पायर झालंय ना, मग आपण घेऊ’ असं म्हणणारे लोक मला दर वर्षी एकदा तरी भेटतात.

मग तुमचा शोध कोणता? तो इथे बसून मला सांगता येणार नाही, पण कुठे शोधायचा ते सांगता येईल. त्यासाठी माझ्या एका फसलेल्या बॅचची गोष्ट.

कोकण पट्ट्यातल्या एका कारखान्यात आम्ही भाजलेला कॅल्शियमवाला कॅटॅलिस्ट लॅबमध्ये बसवला तो जानेवारीत. दोन लिटरच्या ऑटोक्लेव्हमध्ये ईओ सोडला की प्रेशर वर जायचं आणि दहा मिनिटांत काटा खाली यायला लागायचा, म्हणजे ईओ लागू लागला. लॅबमधली पोरं तो काटा क्रिकेटच्या स्कोरसारखी बघायची. प्लांटवर पहिली बॅच लागली ती जुलैत. पहिला डोस घेतला, प्रेशर चढलं आणि तिथेच राहिलं. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली, काटा हलेना. शिफ्ट इन्चार्जने विचारलं, ‘साहेब, अजून थोडा सोडून बघू का?’ मी नाही म्हणालो, हे आमचं नशीब. एक किलो ईओ लागताना सुमारे ५०० किलोकॅलरी उष्णता सुटते. पाच लिटर बर्फगार पाणी उकळीला आणायला ती पुरते. न लागलेला ईओ आत साठला आणि कॅटॅलिस्ट उशिरा जागा झाला, तर कूलिंग कॉइलला ते झेपत नाही. त्यात ईओची वाफ हवेशिवायही फुटू शकते. बॅच थंड केली, ईओ स्क्रबरला (वायू धुऊन घेणाऱ्या यंत्रणेला) दिला, आणि त्या रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी कॅटॅलिस्टच्या पिशवीत हात घातला तर जानेवारीतलं पीठ नव्हतं, खडे होते. पावसाळी हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड खाऊन माल बसला होता. त्यानंतरच्या दोन बॅचेस कशाबशा चालल्या, पण त्यांत पीईजी, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल, वाढलेलं निघालं. तेही पाण्याचंच काम. एक टन लॉरिल अल्कोहोलमध्ये एक किलो पाणी म्हणजे नुसता ०.१ टक्का वाटतो, पण रेणू मोजले तर तो साधारण शंभरात एक होतो, आणि पाण्याच्या रेणूला ईओ दोन्ही टोकांना लागतो.

पुढचे चार महिने आम्ही नायट्रोजन, डबल लायनर, सिलिका जेलच्या पुड्या असं सगळं करून पाहिलं. शेवटी चाललं ते असं: कॅटॅलिस्ट कोरडा साठवायचाच नाही. भट्टीतून काढून नायट्रोजनखाली थंड केला की लगेच आधीच्या बॅचच्या इथॉक्सिलेटमध्ये मिसळून स्लरी करायची, तिला ठरावीक टप्प्यावर थोडं अॅसिड द्यायचं आणि ड्रम भरून ठेवायचा. तो ड्रम सहा महिन्यांनी, भर पावसात उघडला तरी पहिल्या डोसला काटा पंधरा मिनिटांत खाली.

पेटंटचा अर्ज लिहिताना मात्र मी पहिला दावा (नेमकं काय आपलं म्हणून राखायचं ते सांगणारं वाक्य) टाकला तो कॅटॅलिस्टच्या रचनेवर. तोच मोठा शोध वाटत होता ना! स्लरीची गोष्ट मला ‘प्लांटचं काम’ वाटत होती. वकीलबाईंनी आग्रह केला म्हणून ती आठव्या दाव्यात घुसवली. परीक्षण अहवाल आला तेव्हा त्यात तीन जुनी पेटंटं होती आणि आमचा पहिला दावा त्यातल्या एकाच्या उदाहरणात जवळपास जसाच्या तसा होता. एक ते सात गेले. आठवा टिकला.

तेव्हापासून कुणीही ‘सर, नवीन कॅटॅलिस्ट केलाय’ म्हणत आलं की मी विचारतो, बॅच कुठे अडली होती? जिथे तुम्ही दोन महिने शिव्या घालत होतात आणि मग एके दिवशी मार्ग निघाला, ती जागा दाखवा. जुन्या पेटंटमध्ये ती अडचण लिहिलेली नसेल, किंवा लिहिलेली असून उपाय वेगळा असेल, तर तिथे काहीतरी आहे. तुमचंही फ्री अल्कोहोल निम्म्यावर आलं हे छान, पण ते १९८०च्या दशकातही आलं होतं. तुम्ही ते कशामुळे आणू शकलात? कॅटॅलिस्ट कमी लागला? फिल्टर न करता माल स्वच्छ निघाला? १६०ऐवजी १३० डिग्रीला चाललं? रंग सुधारला?

मोठ्यांचीही कथा वेगळी नाही. डबल मेटल सायनाइड, म्हणजे झिंक हेक्सासायनोकोबाल्टेट जातीचे कॅटॅलिस्ट, अमेरिकेच्या जनरल टायरने १९६०च्या दशकात शोधले. पॉलिओल (फोमचा कच्चा माल) करायला ते फार गुणी, पण व्यवहारात अडचणी इतक्या की धंदा पोटॅशवरच राहिला. १९९०च्या दशकात आर्को केमिकलने त्याच संयुगाची स्फटिकरूप कमी असलेली, टर्शरी ब्युटाइल अल्कोहोलसारखा सोबती घेऊन केलेली जात आणली. ती इतकी तेज होती की पीपीएममध्ये (दहा लाखात काही भाग) टाकून मालातच सोडून देता येते. जुनं पेटंट संपलेलं होतं. नवी पेटंटं मिळाली ती ‘ते कसं बनवायचं’ यावर, आणि पैसा त्यांनी कमावला.

याच्या उलट उदाहरण तुपाचं. विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तेलात निकेलची भुकटी घालून हायड्रोजन दिला की ते घट्ट होतं, यावर १९०२चं जर्मन पेटंट क्रमांक १४१०२९ घेतलं. आपल्याकडे १९३७मध्ये आलेला आणि शिवडीच्या कारखान्यात बनलेला डालडा त्याच वंशातला. अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बलने १९११मध्ये क्रिस्को काढलं आणि १९१५मध्ये बर्चेनल यांच्या नावाने अर्धवट हायड्रोजनेट केलेल्या, चरबीसारख्या दिसणाऱ्या वनस्पती तेलावरच पेटंट मिळवलं. पद्धत आधी ठाऊक असताना, तिच्यातून निघणारा मालच ताब्यात घ्यायचा हा डाव. स्पर्धकाने आव्हान दिलं आणि १९२०मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते अवैध ठरवलं. दावा जितका रुंद, तितकी त्याच्यावर बंदूक रोखणारी माणसं जास्त.

‘मग इथॉक्सिलेट्सचं पहिलं पेटंट एवढं रुंद कसं?’ असं कुणी विचारेल. आयजी फार्बेनच्या शॉलर आणि विटवर यांनी जर्मनीत १९३०ला अर्ज केला, अमेरिकेत १९३४ला त्यांना क्रमांक १९७०५७८ मिळाला. शीर्षक कापडधंद्यातल्या साहाय्यक द्रव्यांचं, पण आतून जवळपास अख्खं नॉनआयनिक (विद्युतभार नसलेल्या) सरफॅक्टंटचं जग निघालं. त्यांच्या पुढे मैदान मोकळं होतं, म्हणून जमलं. तुमच्या-माझ्या पुढे चाळीस वर्षांची गर्दी आहे. ते पेटंट वाचा मात्र जरूर, फुकट मिळतं, आणि कॅटॅलिस्टबद्दल एक ओळही न लिहिणाऱ्या हल्लीच्या कितीतरी पेपरांपेक्षा जास्त शिकवतं.

आता मॅनेजरांचं म्हणणं. ते चुकीचं नाही, अर्धं आहे. माझी कसोटी अशी: प्रतिस्पर्ध्याचा एक ड्रम विकत आणा, लॅबमध्ये उघडा आणि स्वतःला विचारा, याने माझी पद्धत चोरली आहे हे मला या ड्रमवरून सांगता येईल का? मोलवार वाटप जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर) दिसतं. सॅम्पल सिलिलेट करून (सहज वाफ होईल असं बदलून) चढवलं की एकेक मोलचं शिखर वेगळं उभं राहतं. पोटॅशचा माल लांब शेपटीचा, तुमचा माल टेकडीसारखा. कॅल्शियमचे उरलेले पीपीएम आयसीपीवर (धातूंचे अंश मोजणाऱ्या यंत्रावर) सापडतात. अशा गोष्टी लपत नाहीत. विकलेल्या पहिल्याच ड्रमबरोबर त्या बाहेर जातात, म्हणून त्यांचं पेटंट घेण्यात नुकसान कमी आणि फायदा जास्त. उलट, अॅसिड कुठल्या मिनिटाला दिलं, भट्टीत माल किती तास ठेवला, हे ड्रममधून कुणालाच कळत नाही. त्याचं पेटंट घेतलं तर तुम्ही रेसिपी छापून दिली आणि वापरणाऱ्याला पकडायचं कसं हा प्रश्न तुमच्याच गळ्यात.

अशा बाबतीत कायदा अगदीच कोरडा नाही. प्रोसेस पेटंटच्या खटल्यात काही परिस्थितींत ‘मी वेगळ्या पद्धतीने केलं’ हे सिद्ध करायची जबाबदारी समोरच्यावर टाकता येते, पेटंट कायद्याचं कलम १०४अ. पण त्यासाठी आधी तुम्हाला काहीतरी पाया दाखवावा लागतो, आणि खटला म्हणजे वर्षं.

कधी कधी माल स्वतःच कॅटॅलिस्टची चुगली करतो. मिथाइल एस्टरचं बघा. त्याला अल्कोहोलसारखा मोकळा हायड्रोक्सिल (ओएच गट) नसतो, त्यामुळे साध्या पोटॅशने त्याच्यावर ईओ धड बसत नाही. जपानच्या लायन कंपनीने मॅग्नेशियम-अॅल्युमिनियमच्या मिश्र ऑक्साइडचा कॅटॅलिस्ट वापरून ईओ थेट एस्टरच्या बंधात घुसवला आणि एक नवीनच नॉनआयनिक सरफॅक्टंट बाजारात आणला. असा माल कुणी विकायला लागला की आत कुठल्या जातीचा कॅटॅलिस्ट असणार हे न सांगताही कळतं. कॅटॅलिसिसमधून नवा सरफॅक्टंट निघाला तर डोळे मिटून पेटंट घ्यावं, कारण तिथे माल, पद्धत आणि उपयोग तिन्हीवर दावे करता येतात.

गुपित ठेवायचं ठरलंच, तर ते खरोखर ठेवता येईल का याचा हिशेब करा. किती जणांना ठाऊक आहे? खरेदी खात्यात बिल कुठल्या नावाने येतं? तळोज्याचा शिफ्ट केमिस्ट पुढच्या दिवाळीत महाडला किंवा तारापूरला जातो तेव्हा डोक्यात काय घेऊन जातो? आपल्याकडे व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नाही, करारावर आणि कोर्टाच्या समजुतीवर भिस्त. आणि तुम्ही गप्प बसलात तेवढ्यात दुसऱ्या कुणी तेच स्वतंत्रपणे शोधून अर्ज केला, तर तुमच्या लॉगशीट काढून भांडत बसावं लागेल.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका: ज्याचा दावा करताय त्याचाच महत्त्वाचा भाग लपवणं. अर्ज करताना तुम्हाला माहीत असलेली सर्वांत चांगली पद्धत लिहून देणं कलम १०(४) प्रमाणे बंधनकारक आहे. ‘योग्य तापमानाला योग्य वेळ’ असं लिहिणारे लोक पुढे स्वतःच्याच खड्ड्यात पडतात. लपवायचं असेल तर तो भाग दाव्यातच आणू नका. अर्जानंतर जे शिकाल, एखाद्या फिल्टर एडची विशिष्ट ग्रेड, चार्जिंगची एखादी खुबी, ते तुमचंच राहतं.

तिसराही एक मार्ग असतो, तो केमिस्टना सुचत नाही. मरे रेनी हा अमेरिकेतल्या टेनेसीचा इंजिनियर. कपाशीच्या सरकीचं तेल हायड्रोजनेट करण्यासाठी त्याने निकेलचा मिश्रधातू करून त्यातला दुसरा भाग कॉस्टिकमध्ये विरघळवला आणि सच्छिद्र निकेल उरवलं. निकेल-सिलिकॉनवर १९२५चं पेटंट, मग अॅल्युमिनियमवर १९२७चं. ती पेटंटं केव्हाच संपली, आज कुणीही तसं निकेल करू शकतं. पण ‘रेनी’ हे नाव ट्रेडमार्क आहे. धंदा १९६३मध्ये डब्ल्यू. आर. ग्रेसकडे गेला आणि नाव त्यांच्याबरोबर गेलं. तुमच्या मालाला ग्राहकाने नावानिशी मागायला लागावं असं काही त्यात असेल, तर मॅनेजरना हेही सुचवा.

आता पेटंट कायद्याचं कलम ३, म्हणजे कशाला शोध म्हणायचं नाही त्याची यादी, कारण सरफॅक्टंटवाल्यांचा अर्धा जीव तिथे जातो. ३(ड) म्हणतं, माहीत असलेल्या पद्धतीचा नुसता वापर हा शोध नव्हे, त्यातून नवा माल निघाला पाहिजे किंवा निदान एक नवा अभिकारक वापरलेला पाहिजे. ३(इ) म्हणतं, नुसतं मिश्रण आणि गुणांची बेरीज चालणार नाही. दोन सरफॅक्टंट एकत्र केले आणि फेस दोघांच्या बेरजेइतकाच आला तर घरी जा. बेरजेपेक्षा जास्त आला, आणि तो तक्त्यात दाखवलात, तर बसा. रिठा-शिकेकाईवाल्यांसाठी ३(प) आहे, परंपरागत ज्ञानाचं. ‘रिठ्याच्या सॅपोनिनचा शाम्पू’ असा अर्ज घेऊन आलेल्या एका उत्साही पोराला मी विचारलं होतं, तुझी आजी केस कशाने धुवायची? तो हसला, अर्ज मात्र केलाच.

तुमच्या बाबतीत खरं काम आहे ते तुलनेच्या आकड्यांचं. पोटॅशशी तुलना तर कराच. तोच अल्कोहोलचा लॉट, तेच तापमान, तितकेच मोल. पण परीक्षक पोटॅशवर समाधान मानणार नाही. तुमच्या सर्वांत जवळचं जुनं कॅल्शियमचं पेटंट घ्या, त्यातलं उदाहरण जसंच्या तसं स्वतःच्या ऑटोक्लेव्हमध्ये करा आणि मग आपलं बाजूला ठेवा. हे करताना पोटात गोळा येतो, कारण कधी कधी जुनंच चांगलं निघतं. आलं तर येऊ दे, अर्जाचे पैसे वाचले. प्रत्येक बॅच तीनदा. कॅटॅलिस्ट कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, आणि कुठे बिघडतं; बिघडलेली उदाहरणंही लिहा, दाव्याची हद्द त्यांनीच पटते. सी१२-१४ (बारा ते चौदा कार्बनच्या) अल्कोहोलबरोबर सी१६-१८ करा, २ मोलबरोबर ७ मोल करा, नाहीतर दावा तेवढ्यापुरताच आक्रसेल.

आणि उपयोगाचे आकडे घ्या. वास कमी झाला हे पॅनेलवर घ्या. पावडर डिटर्जंटच्या स्प्रे टॉवरमधून निघणारा धूर फ्री अल्कोहोलमुळे वाढतो, तुमच्या मालाने तो कमी होत असेल तर ग्राहकाच्या दृष्टीने ती सोन्याची गोष्ट. क्लाउड पॉइंटसाठी एक टक्क्याचं द्रावण टेस्ट ट्यूबमध्ये गरम करून ते कुठे दुधाळ होतं ते बघायचं. त्याच सरासरी मोलला तुमचा आणि पोटॅशचा माल वेगळ्या ठिकाणी दुधाळ झाला तर ते दिसायला साधं पण पटायला जबरदस्त. ‘लांब साखळ्या कमी, म्हणजे सल्फेशनला (पुढे सल्फेट करताना) डायॉक्सेन हा नको असलेला उपपदार्थ कमी’ असं तुम्हाला लिहावंसं वाटेल. लिहू नका, मोजा. २०२३ अखेरपासून न्यूयॉर्क राज्यात साबण-शाम्पू आणि घरगुती सफाईच्या मालाला १,४-डायॉक्सेनची मर्यादा १ पीपीएम आहे, तिथे निर्यात करणारा ग्राहक तुमच्या मताला नाही, आकड्याला पैसे देईल.

नावाचं. शोधकाच्या जागी तुमचं नाव येणं हा तुमचा हक्क आहे, मालकी कुणाची ही वेगळी गोष्ट. कर्मचाऱ्याच्या शोधाला मोबदला किती, यावर आपल्या पेटंट कायद्यात काही नाही. जर्मनीत त्यासाठी १९५७चा स्वतंत्र कायदाच आहे. आपल्याकडे सगळं नेमणूकपत्रावर. ते काढून वाचा, बहुतेक वेळा सहा वर्षांपूर्वी सही केलेल्या चौथ्या पानावर सगळं कंपनीचं असल्याचं लिहिलेलं असतं. तसं असेल तर स्वतःच्या नावाने अर्ज करायच्या फंदात पडू नका, आणि मॅनेजरशी भांडताना ‘माझं पेटंट’ म्हणू नका, ‘आपलं’ म्हणा. शोधकांच्या यादीत नाव कुणाचं हे मात्र मानपानाने ठरवू नका. ज्याने डोकं लावलं तो शोधक. ज्याने फक्त ऑटोक्लेव्ह चालवला, किंवा ज्याने फक्त बजेट मंजूर केलं, तो नाही. माझ्या एका अर्जात वरिष्ठाचं नाव घालायला लावलं होतं, त्याचा सल अजून आहे. वही नीट ठेवा: पानांना क्रमांक, रोजची तारीख, रोजची सही, आणि काम समजणाऱ्या पण कामात नसलेल्या कुणाची तरी साक्षीदार म्हणून सही.

प्रक्रियेचं पटकन. ग्राहकाला ट्रायल ड्रम, डेटा शीट, सेमिनारमधलं पोस्टर, लिंक्डइनवरची फुशारकी, हे सगळं अर्जानंतर. आपल्याकडे आणि अमेरिकेत थोडी सवलत मिळू शकते, युरोपात जवळजवळ नाहीच. आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता अर्ज) करा, पण नुसतं शीर्षक आणि दोन परिच्छेद टाकून नव्हे. त्यात जे नाही त्याला ती तारीख मिळत नाही. पूर्ण अर्जाला बारा महिने. परीक्षणाची विनंती वेगळी करावी लागते, आता ३१ महिन्यांच्या आत. ऑनलाइन मूळ फी छोट्या उद्योगाला १६०० रुपये, मोठ्या कंपनीला ८०००. खरा खर्च वकिलाचा आणि परदेशातल्या अर्जांचा. परदेशात आधी जायचं असेल तर कलम ३९ची परवानगी घ्या, किंवा इथे अर्ज करून सहा आठवडे थांबा. अर्ज मुंबईत अँटॉप हिलच्या कार्यालयाच्या हद्दीत येईल. मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं, मंजुरी कधीही मिळो.

तर तुमच्या जागी मी असतो तर या आठवड्यात वकिलाकडे गेलो नसतो. जवळचं जुनं उदाहरण करून पाहिलं असतं आणि कॅटॅलिस्टची पिशवी महिनाभर उघडी ठेवून पुन्हा बॅच लावली असती, लॅबमध्येच आणि ईओचा डोस एकदम लहान ठेवून. त्याचे आकडे आले की मॅनेजरांपुढे ठेवा, मग गुपित की पेटंट यावर बोलायला दोघांकडे काहीतरी असेल. आणि इथे उत्तर देणार असाल तर रचना सांगू नका, जाहीर होईल. फक्त एवढं सांगा: पहिला डोस दिल्यावर काटा किती मिनिटांनी खाली यायला लागतो, आणि पावसाळ्यातही तेवढ्याच मिनिटांनी येतो का?